काठोकाठ भरलेला कप

"बियाणंच खराब असणार, मॅडम," नवे सर म्हणाले आणि आत्याने हातातलं अंडं बशीत फोडलं.

दिवस भरलेलं अंडं होतं. पिल्लू बाहेर यायला हवं होतं, आलं नव्हतं. तिने चिमट्याने कवच सोललं, आतला पापुद्रा बाजूला केला. आत पुरतं वाढलेलं पिल्लू होतं, ओल्या पिसांसकट, चोचीसकट. मेलेलं.

"डोकं कुठल्या टोकाला आहे?"

"निमुळत्या," सर म्हणाले.

"आणि अंड्यात हवेची पोकळी कुठे असते?"

"रुंद टोकाला."

"मग ह्याने श्वास कुठून घ्यायचा होता? तुमच्या पदवीतून?"

कपाटाजवळ उभे असलेले लॅबचे मामा छताकडे बघायला लागले. आत्याने दुसरं अंडं फोडलं, तिसरं फोडलं. बहुतेकांची तीच गत होती.

"ट्रे कुणी लावला?"

"मीच. रुंद बाजू खाली असली की नीट उभी राहतात, म्हणून..."

"तुम्हालाही भिंतीला टेकवून खाली डोकं वर पाय केलं तर नीट उभे राहाल. करू?" आत्याचा आवाज चांगलाच चढला होता, पण चिमटा धरलेला हात दगडासारखा स्थिर होता. "अंड्यात दोष नव्हता. कोंबडीत नव्हता, कोंबड्यातही नव्हता. दोष ठेवणाऱ्याचा. आणि खुशाल बियाण्याच्या नावाने बोंब मारताय!"

मी खिडकीपाशी स्टुलावर बसले होते. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण आदल्याच संध्याकाळी ह्याच बाईने मला नेमकं उलटं सांगितलं होतं.

आत्या, म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. गर्भ कसा घडतो हा तिचा खास विषय. मुलं पाठीमागे तिला अंडीबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. पुढच्या वर्षी निवृत्त होईल. लग्न केलं नाही. आजोबांना शेवटपर्यंत तिनेच सांभाळलं, आणि ते गेल्यावर त्याच दोन खोल्यांत एकटी राहिली.

मला चौथा महिना होता आणि मला सासरहून परत पाठवलं होतं. 'थोडे दिवस आराम कर' असं म्हणून. खरं कारण वेगळं होतं. एका दुपारी मला रडू आलं, ते थांबेना, आणि सासूबाई 'नाटकं' म्हणाल्या तेव्हा मी हातातला पेला भिंतीवर फेकला. बस, एवढंच. पण आठवड्याभरात कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं की माझी आजी वेड्यांच्या इस्पितळात मेली. मग काय, नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईला आयतं कोलीत मिळालं.

"लपवलंत तुम्ही," त्या बाबांना फोनवर म्हणाल्या. "खाण तशी माती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, इथे तर पोटातच दिसायला लागले."

नवऱ्याने मिठाची गुळणी धरली. बॅग गाडीत ठेवताना तेवढा पुटपुटला, "डॉक्टरांना विचारू. पुढे जायचं की नाही ते."

बाबाही तेच म्हणाले, जरा गोड शब्दांत. आणि मी आत्याकडे पळाले. ती तरी वेगळं बोलेल, ती ह्यातलीच जाणती आहे, म्हणून. तिने मला जेवू घातलं, डोक्याला तेल लावलं आणि मागे बसूनच म्हणाली, "चिमणे, मोकळं व्हायचं असेल तर आत्ताच हो. मी लग्न का नाही केलं असं वाटतं तुला? ते पुढे जाऊ नये म्हणून. माझ्यापाशी थांबावं म्हणून."

मी तेलकट केसांनी उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी तिने चहा केला. आत्याची एक सवय आम्हा सगळ्यांना पाठ आहे. स्वतःचा कप ती काठोकाठ भरते, इतका की चहा काठाच्या वर फुगून राहतो. मग बशीशिवाय, एका हाताने तो उचलते, डोळ्यांसमोर धरते, थोडा वेळ बघते आणि मगच पिते. लहानपणी मला ती जादू वाटायची. मी करून बघितलं की सगळा फ्रॉक भिजायचा. त्या सकाळी मी पहिल्यांदा विचारलं, "हे काय असतं गं?"

"आईचं हातापासून सुरू झालं होतं," ती कपावरची नजर न काढता म्हणाली. "आधी हात थरथरायला लागले. मग बाकीचं."

म्हणजे रोज सकाळी, इतकी वर्षं, ही बाई वेड आलं का ते बघत होती. मला तिची दया यायला हवी होती. मला भयंकर राग आला.

त्या रागातच मी तिच्याबरोबर कॉलेजात आले होते, आणि मेलेली पिल्लं टोपलीत गेल्यावर तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले.

पहिल्या वर्षाचा वर्ग होता. प्रत्येकासमोर एक अंडं आणि एक कोरा कागद. "दोन दिवस उबवलेलं आहे," आत्या म्हणाली. "फोडायचं नाही. आत काय आहे त्याचं चित्र काढा."

पोरं कामाला लागली. आत्या बाकांमधून फिरली, मग एकेक कागद उचलून सगळ्यांना दाखवायला लागली. एकूण एक कागदावर पिल्लू होतं. मान मुडपून, पंख पोटाशी घेऊन झोपलेलं, छोटंसं, पण अख्खं. कुणी कुणी डोळ्यांना पापण्याही काढल्या होत्या.

"दरवर्षी हेच," ती म्हणाली. "आता फोडा."

फोडली. पिवळा बलक, त्यावर फिकट चकती, तिच्यात केसाएवढ्या लाल रेषा, आणि मधोमध एक लाल ठिपका उडत होता. पिल्लू कुठेच नव्हतं. एक मुलगी "अय्या!" म्हणाली आणि सगळे हसले.

"हसू नका. तीनशे वर्षांपूर्वी तुमच्याहून शहाणी माणसं हेच चित्र काढत होती. एकाने तर पुरुषाच्या बीजात गुडघे छातीशी घेतलेला बुटका माणूस बसलेला असणार, असं चित्र काढून छापलं. मग भांडणं सुरू. बुटका बापाच्या बीजात की आईच्या अंड्यात? आणि त्या बुटक्याच्या आत आणखी एक बुटका, त्याच्या आत आणखी एक. डबीत डबी. म्हणजे जगातल्या पहिल्या बाईच्या पोटात आपण सगळे आधीच तयार, दाटीवाटीने बसून आपापल्या पाळीची वाट बघतोय. कुणी काही व्हायचं नाही. नुसतं फुगायचं."

आत्या शिकवायला लागली की बघत राहावं. हात, भुवया, पदर, सगळं बोलतं.

"मग एक तरणा पोरगा आला. त्याने एक अंडं आज फोडलं, एक उद्या, एक परवा. आणि म्हणाला, इथे पिल्लू नाहीच. एक पातळ चादर आहे. तिला घडी पडते, घडीची नळी होते, नळीचं आतडं होतं. जे नव्हतं, ते होतं. मोठ्या लोकांनी त्याला दारात उभं केलं नाही. का? कारण सगळं आधीपासून ठरलेलं असलं की कुणाला जाब द्यावा लागत नाही. पुढे पेशीत वारशाची लिपी सापडली, तेव्हा त्याच मोठ्या लोकांच्या पतवंडांनी टाळ्या पिटल्या. बघा, बुटका आहेच! आता तो बसलेला नाही, लिहिलेला आहे, एवढंच. अरे पण लिहिलेलं कुणीतरी वाचावं लागतं ना! कुठल्या उबेत, कुठल्या जागी..."

मला राहवलं नाही. मी हात वर केला.

"मॅडम, मग वेड कशात असतं? चादरीत की घडीत?"

पोरं वळून बघायला लागली. आत्याने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं, आणि मला तेच हवं होतं.

"तास संपला," ती म्हणाली. घंटा अजून व्हायची होती.

लॅबमध्ये परत आल्यावर उबवणीच्या पेटीचं दार तिने धाडकन उघडलं, आतला थर्मामीटर ओढून काढला, तो दाराला लागला आणि फुटला. पाऱ्याचे चकचकीत मणी फरशीवर पळाले. मी वाकले.

"हात लावू नका!" मामा ओरडले. मामांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "ताई, बाहेर व्हा. दोन जिवांच्या आहात. मॅडम, तुम्ही पण."

त्यांनी खिडक्या उघडल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि दोन कागदांच्या मध्ये एकेक मणी धरून बाटलीत भरायला लागले. आम्ही दारात उभ्या.

"एवढं काय घाबरायचं मामा, एका थर्मामीटरला," आत्या म्हणाली.

"माझ्या आईचे हाल बघितलेत मी, मॅडम. नदीपलीकडे थर्मामीटरचा कारखाना होता ना, तिथे ती पारा भरायची. पुढे पुढे घास तोंडापर्यंत जाईना, इतके हात हलायचे. आणि लाजरी झाली. कोणी आलं की दारामागे जाऊन उभी राहायची. उगाच रडायची, उगाच चिडायची. त्या बाकावरच्या सगळ्याच बायका तशा झाल्या. लोक पाऱ्याच्या बायका म्हणायचे त्यांना."

आत्याने चौकट धरली. तिची आईही अशीच दारामागे जाऊन उभी राहायची, हे तिने मला कधीतरी सांगितलं होतं.

"दारामागे?"

"हो. घरातलं माणूस आलं तरी."

"माझे वडील होते त्या कारखान्यात," आत्या हळूच म्हणाली. "मुकादम."

मामा उठून उभे राहिले. "मुकादम? कारखान्याच्या चाळीतलं शेवटचं घर? अहो, मग तुमच्या आई माझ्या आईच्या शेजारी बसायच्या की! मुकादमाची बायको असून आमच्यासारखं काम करते, असं आई सांगायची. छोट्या बाटलीत पाऱ्याचा मणी घालून घरी न्यायच्या म्हणे, मुलीला खेळायला." मग त्यांना तिचा चेहरा दिसला. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

आत्याला बाटली आठवत होती. ती हलवली की मणी फुटायचा आणि पुन्हा एक व्हायचा. ती वडील आणत असणार असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं. आई कामावर जायची हेच तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. ती शाळेत जायच्या आधीच आजीला इस्पितळात ठेवलं होतं.

तिने पर्स उचलली. "चल," मला म्हणाली. "दादाकडे."

बाबा जेवत होते. आई वाढत होती. आत्याने चपलाही काढल्या नाहीत.

"आई पारा भरायची का?"

बाबांचा घास हातातच राहिला. "कोण म्हणालं?"

"भरायची का नाही, एवढंच सांग."

"किती जुन्या गोष्टी काढतेस. बस आधी, पाणी..."

"दादा, तू चौदा वर्षांचा होतास. तुला सगळं कळत होतं."

बाबांनी ताट सरकवलं. मग बोलले, पण आमच्याकडे न बघता. कारखान्याच्या डॉक्टरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याने आजोबांना बोलावून समजावलं, की पाऱ्याचं नाव काढलंत तर नोकरी जाईल, घर कारखान्याचं आहे तेही जाईल. त्यापेक्षा बायकोच्या माहेरचं आहे म्हणा, रक्तातलं आहे म्हणा. कुणाला त्रास नाही.

"कुणाला त्रास नाही," आत्या म्हणाली.

"आपण सगळे रस्त्यावर आलो असतो."

"तेव्हा आलो असतो. मग कारखाना बंद पडला. वडील अंथरुणाला खिळले. तेव्हा कुणाला भीत होतास? रसायनवाला घरी आला होता, त्याच्याशी कोण बोललं? मी आत चहा करत होते."

रसायनवाला म्हणजे कॉलेजात तिच्याबरोबर लागलेला रसायनशास्त्राचा माणूस. आमच्या घरात त्याचा उल्लेख एवढाच व्हायचा, तोही क्वचित. तो चहा न घेताच गेला होता.

"मी खरं तेच सांगितलं," बाबा म्हणाले. "म्हणजे जे सगळे म्हणत होते ते. आईचं डोकं फिरलं होतं, घराण्यात आहे."

"रसायनवाल्याला! अरे, ती कारखान्यात कुठल्या बाकावर बसायची एवढं जरी बोलला असतास, तरी त्याने दारातच ओळखलं असतं. पारा त्याने शिकवायचा विषय होता!"

बाबांनी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा. "आणि तू? एवढी शिकलीस, जगाला शिकवतेस, तुला नको होतं कळायला? मी काय तुला बांधून ठेवलं होतं?"

"खरं सांगा की आता," आई म्हणाली. वाढायचा डाव अजून तिच्या हातात होता. "हिचं लग्न झालं असतं तर मामंजींचं कोण करणार होतं? मी म्हटलं होतं तुम्हाला, मला जमायचं नाही. तुम्ही म्हणालात, बघतो काहीतरी."

मला वाटलं आता आत्या ओरडेल. तिने समोरचा पाण्याचा पेला घेतला, आणि पेला हलायला लागला. पाणी तिच्या मनगटावर, साडीवर, बाबांच्या ताटात सांडलं. आम्ही सगळे तिच्या हाताकडे बघत राहिलो. तीही बघत राहिली. क्षणभर तिच्या डोळ्यांत अशी भीती दिसली की मी तिचा दंड धरला.

"काही नाही," ती म्हणाली. पेला तिने खाली ठेवला नाही. "रागाने हलतोय. रागाने हलतो हात, दादा. सगळ्यांचा हलतो. मी कधी हलू दिला नाही. ओरडले, पोरांना फैलावर घेतलं, पण हातात राग उतरू दिला नाही. म्हटलं, एकदा हलला की संपलं. तुझ्या त्या 'बघतो काहीतरी'पायी मी धड चिडलेसुद्धा नाही रे आयुष्यात!"

बाबांनी पाणी सांडलेलं ताट आणखी लांब सरकवलं.

"आणि हिला काय सांगितलंस? स्वतःच्या मुलीला? मोकळी हो म्हणून?"

"इतकी वर्षं तेच म्हणत आलो," बाबा अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "मला वाटायला लागलं होतं, खरंच असेल ते."

मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही. भीतीने एकदा खोटं बोललेला माणूस मी समजू शकते. पण बहिणीच्या आयुष्यावर ते खोटं टाकून हा माणूस त्याच्या सावलीत बसला, आणि जागा पुरेना तेव्हा माझ्या पोटावर टाकायला निघाला. मी त्यांच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला.

"मी मूल ठेवणार आहे," मी म्हटलं. "आजीला काय झालं होतं ते सांगते, ऐकून घे. पण तुझी परवानगी मागत नाहीये. तुला यायचं असेल तर आत्याकडे ये. एकटा ये."

तो म्हणाला, "आईशी बोलून सांगतो."

मी फोन ठेवला.

परतल्यावर दाराशी किल्ली लावताना आत्या म्हणाली, "काल संध्याकाळी मी तुला जे बोलले..."

"मी चिडलेय अजून," मी म्हटलं.

"चिड," ती म्हणाली. "चिडायलाच हवं."

सकाळी मी उठले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. खिडकीखालच्या रस्त्यावरून शाळेची पोरं चालली होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती. माझ्यासाठी दूध तापत होतं. तिच्या चहाचा कप शेजारी होता, बशीत ठेवलेला. मी डोकावून पाहिलं. चहा काठापासून बोटभर खाली होता, चारचौघांच्या कपात असतो तसा.

तिने बशीसकट कप उचलला आणि पोरांकडे बघतच प्यायला लागली. कप बशीवर किणकिण वाजत होता. तिने एकदाही हाताकडे पाहिलं नाही.